पावसानंतरची पिवडी

लहानपणी माझ्या एका फ्रॉकची पाठ पिवळी होती. शिवला तेव्हा तो पांढऱ्या पॉपलिनचा होता. 1987च्या ऑक्टोबरात, सुट्टीत, मी बाबांबरोबर आठ दिवस पणजीला राहिले होते. बाबा भिंती रंगवायचे आणि आदल्या दिवशी रंगवून वाळलेल्या भिंतीला टेकून मी बसायचे. चुन्याचा रंग वाळला तरी पाठ सोडत नाही. घरी आल्यावर आईनं तो फ्रॉक तीनदा धुतला. पिवडी सुतात मुरली ती मुरलीच. पुढे दोन वर्षं मी तो तसाच घातला, आणि कुणी विचारलं की सांगायचे, ही पणजीची भिंत आहे.

बाबा रंगारी. आमचं गाव पेडण्यात. चतुर्थीच्या आधी गावातली घरं, दसऱ्यानंतर पणजी, असं त्यांचं वर्ष होतं. मधल्या दिवसांत शेती. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ते माळ्यावरून कुंचे खाली काढायचे, रात्रभर पाण्यात घालून ठेवायचे आणि सकाळी आईला म्हणायचे, "मळ्यात जातो." मळा म्हणजे पणजीतला आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याचा भाग. त्याला लागूनच फोंताइन्हास, पोर्तुगीजांच्या काळातली वस्ती. बाबांनी हे दुसरं नाव कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी टेकडीपासून खाडीपर्यंतचं सगळं मळ्यातच होतं.

त्या वर्षी मांडवीवर पूल नव्हता. आदल्या वर्षी, 5 जुलै 1986ला तो कोसळला होता. म्हापशाहून बसनं बेतीला यायचं आणि तिथून फेरीबोट. बोटीत स्कूटरी, माशांच्या पाट्या, कचेरीत निघालेले बाबू आणि त्यांच्यामध्ये कुंचे खांद्याला लावलेले माझे बाबा. पलीकडे उतरलं की आदिलशहाच्या राजवाड्यावरून, म्हणजे तेव्हाच्या सचिवालयावरून, नदीच्या कडेनं चालायचं. मग उजवीकडे वळायचं, आणि रस्ता एकदम अरुंद व्हायचा. त्या वळणावर बाबांची चाल मंदावत असे. ते घरांकडे पाहत, पण मी पाहत होते तसं नव्हे. मला गॅलऱ्या दिसत, त्यांच्या लोखंडी नक्षीतून खाली सुटलेल्या वेली दिसत, कौलांच्या वळचणीवर बसवलेला मातीचा कोंबडा दिसे. बाबांची नजर गुडघ्याच्या उंचीवर असे. भिंतीला ओल कुठवर चढली, शेवाळ किती काळं पडलं, लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, कुठे फुटला. चार महिन्यांच्या पावसानं त्या रस्त्याची जी अवस्था केलेली असे ती पर्यटक कधी पाहत नाहीत. नोव्हेंबरात येणाऱ्याला निळं, पिवळं, तांबडं फोंताइन्हास दिसतं. मी पाहिलेलं पहिलं फोंताइन्हास हिरवट काळं होतं. भिजून भिजून सगळ्या घरांचे रंग एकमेकांसारखे झाले होते.

त्या रस्त्याचं नाव 31 जानेवारी रस्ता. त्याच्याबद्दल पुढे लिहीन. आधी भिंत.

घरं जांभ्याची. चिरा भोकाभोकांचा असतो, पाणी पितो आणि ऊन मिळालं की सोडतो. अशा भिंतीवर चुना हाच खरा गिलावा आणि चुना हाच खरा रंग, कारण तोही पाणी आत येऊ देतो आणि बाहेर जाऊ देतो. बाबा याला भिंतीचा श्वास म्हणत. आमच्या भागात चुना शिंपल्यांचा. नदीतले, खाडीतले शिंपले भट्टीत भाजायचे, त्यावर पाणी टाकलं की ते फसफसून, वाफा सोडत फुटतात आणि पांढरंशुभ्र पीठ होतं. ते दिवसचे दिवस पाण्याखाली मुरत ठेवायचं. मग गाळायचं. त्यात थोडा सरस, कधी मीठ. भिंतीवर लावलेला हा पातळ चुना हवेतला कर्बवायू हळूहळू ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो, म्हणजे भट्टीत जाण्याआधी शिंपला होता तोच पदार्थ. रसायनशास्त्राच्या पुस्तकात मी हे वाचलं तेव्हा सातवी-आठवीत होते. वर्गात मला एकटीलाच ते समीकरण आधीपासून माहीत होतं.

रंगांचं सांगते. चुना तीव्र असतो, त्यात वाटेल तो रंग टिकत नाही, फुलांचे-पानांचे रंग तर तो खाऊनच टाकतो. त्यात टिकतात मातीचे रंग: पिवडी, गेरू, हुरमुंजी. आणि टिकते कपड्यांना घालतात ती नीळ. पिवडी आणि नीळ एकत्र केली की एक मळकट हिरवा मिळतो. झालं, एवढंच. फोंताइन्हासचे म्हणून जे रंग आज चहाच्या कपांवर आणि फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर छापतात, तो पिवळा, तो विटकरी, तो निळा, ते कुणा चित्रकारानं बसून निवडलेले नाहीत. चुन्याला जे सोसले ते राहिले. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं. सगळा रस्ता एका सुरात लागतो याचं कारण सगळ्या घरांनी एकाच डब्यातून रंग घेतले हे आहे.

पणजीतली जुनी माणसं सांगतात की पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवणं सक्तीचं होतं आणि पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखून ठेवलेला होता. घराला पांढऱ्याची मुभा होती ती खिडक्या-दारांच्या कडांपुरती. बाबांना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले, नियम असेलही, पण चुन्याचा रंग वर्षाच्या वर पुरतच नाही, मग नियम करून काय आणि न करून काय? आणि पांढऱ्याचं म्हणशील तर पहिल्या पावसात तांबड्या मातीचे शिंतोडे उडाले की पांढऱ्या घराला लाल झालर लागते. "देवाचं घर दरवर्षी सगळे मिळून धुतात. माणसाचं कोण धुणार?" हे त्यांचं उत्तर. ते इतिहासाचं उत्तर नव्हे हे मला कळतं, पण अठ्ठावीस वर्षं त्या भिंतींसमोर उभं राहिलेल्या माणसाचं आहे.

पांढऱ्या कडा मात्र बाबांचा जीव की प्राण. खिडकीच्या चौकटीभोवती चार बोटं रुंद पांढरी पट्टी, कोपऱ्यांवर पट्टी, मजल्यांच्या मधून आडवी पट्टी. पिवळ्या भिंतीवर ती सरळ आली तर घर ताठ उभं राहतं, हात हलला तर म्हाताऱ्यासारखं वाकतं. पट्टी ओढताना ते बोलत नसत. बांबूच्या परांचीवर उकिडवे बसून, श्वास धरून, वरून खाली एका दमात. मी खाली कळशी घेऊन उभी. माझं काम भिंत भिजवायचं. कोरड्या भिंतीवर चुना लावला तर ती त्यातलं पाणी एका क्षणात शोषून घेते आणि वर उरते नुसती भुकटी, चार दिवसांत झडणारी. म्हणून आधी भिंतीला पाणी द्यायचं आणि थांबायचं. "थांब. तिला पिऊ दे," बाबा म्हणत. किती वेळ, ते भिंत सांगायची. पाण्याची चकाकी जाऊन ती नुसती गडद दिसू लागली की कुंचा उचलायचा.

ज्या घराचं काम त्या आठ दिवसांत चाललं होतं, त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला बाबा 'बाय' म्हणत. ती घरात पोर्तुगीज बोले आणि आमच्याशी कोकणी. बाबा तिच्याशी पेडण्याच्या बोलीत बोलत, हिशेब मराठीत लिहीत, आणि ती त्या कागदाखाली रोमी लिपीत सही करी. दरवर्षीचं तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आयलो रे तूं? पावस गेलो मरे." जणू बाबा आले म्हणूनच पाऊस गेला. मला तिनं नाव कधी विचारलं नाही. "ये गो चेडवा, बस," म्हणायची आणि बशीत कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणलेलं काहीतरी ठेवायची. 31 जानेवारीच्याच नावाची ती बेकरी 1930च्या दशकातली, अजून चालू आहे. तिथल्या भट्टीचा वास सकाळी गल्लीभर पसरलेला असे आणि ओल्या चुन्याच्या वासात मिसळे. त्या दोन वासांची भेट मला नंतर दुसरीकडे कुठेच झालेली नाही.

बायच्या घरात मी पहिल्यांदा शिंपल्यांची खिडकी आतून पाहिली. चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसवलेले. काच महाग होती तेव्हाच्या काळातली ही युक्ती. बाहेरून ती खिडकी मळकट, आंधळी दिसते. आत दुपारचं ऊन तिच्यातून येतं ते दुधासारखं होऊन येतं. त्या प्रकाशात बायची खुर्ची, तिच्या नवऱ्याचा मोठा फोटो, पियानोवर अंथरलेली क्रोशाची जाळी, सगळंच तापाच्या झोपेत दिसावं तसं दिसायचं. आता तो शिंपला कायद्यानं संरक्षित आहे, त्यामुळे एक तावदान फुटलं की तिथे काच येते. फुटत फुटत बऱ्याच खिडक्या काचेच्या झाल्या. रंग दरवर्षी नवा देता येतो, हे मात्र गेलं की गेलं.

इतिहास मी पुढे शोधला. नोकरीनिमित्त पुण्यात आले, शाळेत इतिहासच शिकवते, आणि इतर कुठल्याही गावाबद्दल वाचायला घेतलं तरी मन मळ्याकडे वळायचं. कळलं ते असं. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियू जुआंव द सिकेरा नावाचा एक माणूस मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतला आणि त्यानं टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या या दलदलीच्या पट्ट्यात माडाची बाग केली. लोक त्याला 'मोस्मीकर' म्हणत. मला हा 'कर' फार आवडतो. पेडण्याचा तो पेडणेकर, साखळीचा तो साखळकर, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आला तो मोस्मीकर. त्याच्या पश्चात जागा कार्मेलाईट संन्याशांकडे गेली आणि 1830च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त झाले तेव्हा सरकारकडे. फोंताइन्हास म्हणजे छोटे झरे. टेकडीच्या पायथ्याशी, मळ्यात, फोंत फेनिक्स नावाचा झरा आहे, त्यावरून हे नाव. बाबा कळशी तिथेच भरायला पाठवत.

मुळात पणजी हे गावच पाण्यातून काढलेलं. जुन्या गोव्याच्या वाटेवर, रायबंदरपर्यंत, 1633-34मध्ये विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, लिन्यारिशच्या काउंटनं दलदलीतून सुमारे तीन किलोमीटरचा बांध घातला, तो आजही वाहतुकीखाली आहे. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरू लागली, विहिरींचं पाणी बाटलं, आणि 1759मध्ये विजरईनं आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात हलवला. पाठोपाठ कचेऱ्या, कारकून, वकील, शिंपी, आचारी. दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु या विजरईनं 1827 ते 1835 या आपल्या कारकिर्दीत दलदल भरून सरळ रस्त्यांचं शहर आखलं, आणि 1843मध्ये पणजी 'नोव्हा गोवा' या नावानं अधिकृत राजधानी झाली. सरळ रस्ते सरकारी इमारतींच्या वाट्याला आले. त्या कचेऱ्यांत काम करणारी माणसं राहिली ती इकडे, मोस्मीकराच्या माडांत. इथे कुणी आखणी केली नाही. टेकडी जिथे पुढे आली तिथे रस्ता वळला, ओरेची खाडी जिथे आत घुसली तिथे थांबला. म्हणून गल्ली अशी वाकडी, आणि म्हणून दर वीस पावलांवर समोरचं दृश्य बदलतं.

आता नाव. अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं की 31 जानेवारी हा पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्याचा दिवस. तसं नाही. तो दिवस 1 डिसेंबर 1640. 31 जानेवारी ही तारीख 1891ची आहे. आदल्या वर्षी ब्रिटननं पोर्तुगालला धमकावलं होतं की अंगोला आणि मोझांबिक यांच्यामधल्या मुलखातून सैन्य मागे घ्या. राजानं मान तुकवली, लोक चिडले, आणि 31 जानेवारी 1891ला पोर्तु शहरात सैनिकांनी राजेशाहीविरुद्ध उठाव करून नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा केली. काही तासांत तो चिरडला गेला. प्रजासत्ताक आलं 5 ऑक्टोबर 1910ला, आणि मग फसलेल्या त्या उठावाचा दिवस रस्त्यांची नावं होऊन पोर्तुगालभर आणि वसाहतींत पसरला.

वर्गात हे शिकवायची वेळ येत नाही, पण मी मनात पुष्कळदा मांडून पाहिलंय. मोझांबिकच्या पैशातून वसलेल्या वाड्यावरच्या रस्त्याला, मोझांबिकशेजारच्या जमिनीवरून पेटलेल्या उठावाची तारीख. हा निव्वळ योगायोग आहे. पण 1910चं प्रजासत्ताक आमच्यासाठी योगायोग नव्हता. गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीचा दर्जा मिळाला तो त्यानंतर. सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या, मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांना श्वास मिळाला. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं तो पुन्हा आवळला. पणजीत आणखी एक तारखेचा रस्ता आहे, 18 जून रस्ता, दुकानांचा, गर्दीचा. तो 1946चा, लोहियांनी मडगावात सभेची बंदी मोडली त्या दिवसाचा. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाल्यावर पणजीतली पुष्कळ पोर्तुगीज नावं उतरवली गेली. 31 जानेवारी राहिलं. एका शहरात दोन तारखा, एक त्यांच्या राजाविरुद्धची, एक आमची त्यांच्याविरुद्धची, आणि त्या दोन रस्त्यांमध्ये पायी दहा मिनिटांचं अंतर.

रस्त्याच्या दक्षिण टोकाला, सांव सेबास्तियांवचं छोटं चॅपल आहे. पांढरं, अर्थात. ते 1818चं, आजचं रूप त्याच शतकाच्या अखेरचं. आत एक मोठा क्रूस आहे. तो आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. 1560पासून 1812पर्यंत जिथे माणसांची धर्मावरून चौकशी झाली, त्या वाड्यात. इन्क्विझिशन उठल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि 1918मध्ये इथे. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे सहसा मिटलेले, मान खाली असते. याचे डोळे उघडे आहेत. चौकशीला उभं केलेल्याला धाक वाटावा म्हणून तसे केले, असं सांगतात. मी दहा वर्षांची असताना बायनं मला आत नेलं होतं. तिनं गुडघे टेकले, मी तिच्या मागे हात जोडून उभी राहिले. मला धाक वाटला नाही. एवढा थकलेला माणूस झोपत का नाही, असं वाटलं होतं. पुढे त्या वाड्याचा इतिहास वाचल्यावर मी परत जाऊन बराच वेळ त्या डोळ्यांसमोर बसले. माझ्याच प्रांतातली, माझ्याच भाषेतली माणसं त्या डोळ्यांसमोर उभी राहिली असतील. आणि मागच्या बाकावर एक बाई जपमाळ ओढत, आपल्या आजारी मुलासाठी हळू आवाजात काही मागत होती. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत खऱ्या होत्या. मी दोन्ही सोडवायला गेले नाही.

चॅपलच्या वर, टेकडीच्या उतारावर, मारुतीचं देऊळ. काम सुरू करण्याआधी बाबा तिथे नारळ ठेवत. परांचीवर चढणाऱ्याला मारुती हवाच. माघात तिथल्या जत्रेला मळ्यापासून गल्लीगल्लीत खाजाची, खेळण्यांची दुकानं लागतात आणि वर देवळाची रोषणाई लागली की ती खाडीत उतरते. पोर्तुगीज वस्ती म्हणून या भागाचं जे वर्णन होतं त्यात हा मारुती बसत नाही, म्हणून तो गाळला जातो. पण बायच्या गॅलरीतून तो समोर दिसायचा, आणि जत्रेच्या रात्री ती खुर्ची बाहेर काढून बसायची.

फोंताइन्हास यूनेस्कोच्या यादीत आहे असंही पुष्कळदा लिहिलेलं दिसतं. ती 1986ची यादी जुन्या गोव्यातल्या चर्चेस आणि मठांची आहे. फोंताइन्हासला सरकारी संरक्षण आहे, पण त्याला उभं ठेवलंय ते घरमालकांच्या दरवर्षीच्या खर्चानं. गल्ल्यांतून आता सकाळपासून फोटो काढणारी माणसं असतात. पायऱ्यांवर बसतात, दाराच्या कडीला हात घालून उभी राहतात, कपडे बदलून पुन्हा येतात. कित्येक घरांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या लागल्या आहेत. एका दारावर हातानं लिहिलेली पाटी मी पाहिली: आत माणसं राहतात. ते वाचून मला त्या घराची लाज वाटली नाही, आपली वाटली. सुंदर भिंत दिसली की तिच्यामागे कुणी भात शिजवत असेल, कुणी तापानं पडलं असेल, हे इतक्या लवकर कसं विसरतो आपण?

बाय 1996मध्ये गेली. घर पुतण्याकडे आलं, तो लिस्बनला. काही वर्षं बंद, मग विकलं, आता तिथे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. बाबांनी 2003ला काम सोडलं. उजवा हात पट्टी ओढताना थरथरू लागला, आणि वाकडी पट्टी त्यांना पाहवेना. तोवर घरोघर डब्यातला प्लास्टिकचा रंग आलाच होता. तीन-चार वर्षं टिकतो, पाठीला लागत नाही, झळझळीत दिसतो.

गेल्या नोव्हेंबरात मी बाबांना घेऊन गेले. ते ब्याऐंशीचे आहेत. नव्या पुलावरून गाडी पाच मिनिटांत पणजीत उतरली तेव्हा ते म्हणाले, "बोट नाही?" मी नाही म्हटलं. पाटोच्या पुलापाशी गाडी सोडून आम्ही चालत आत शिरलो, आणि वळणावर त्यांची चाल तशीच मंदावली. गुडघ्याच्या उंचीवर नजर.

एका झगझगीत निळ्या घरापाशी ते थांबले. खालच्या हातभर भागात रंगाला फोड आले होते, भाकरी फुगावी तसे. त्यांनी अंगठ्यानं एक फोड दाबला. तो फाटला आणि आतून ओली, पांढरी भुकटी पडली. लोणा. "कोंडलीय," ते म्हणाले. चिऱ्यात चढलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि वर रबरासारखा थर बसवलेला. पाणी तिथेच साठतं, मीठ सोडतं आणि चिरा आतून खात जातं. रंग चार वर्षं टिकतो ते खरं, पण चार वर्षं भिंत आत काय सोसते ते बाहेर दिसत नाही. बाबांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुढे निघाले. मी कधी नव्हे ते त्यांना रागावलेलं पाहिलं, आणि तो राग कुणा माणसावर नव्हता.

बायच्या घरासमोर आम्ही उभे राहिलो नाही. त्यांना नको होतं.

चॅपलकडे जाणाऱ्या चिंचोळ्या गल्लीत मात्र चुन्याचा वास आला. आधी त्यांना, मग मला. एका जुन्या घराची पुढची भिंत खरवडून काढली होती, पायरीवर जुने थर चिपाडांसारखे पडले होते. बाबांनी एक उचलून उन्हात धरला. कडेनं पाहिलं तर पानांसारखे पदर: पिवळा, पांढरा, पिवळा, मध्येच दोन पदर निळे, पुन्हा पिवळा. ते बोटानं मोजू लागले आणि एका निळ्यापाशी थांबून म्हणाले, "हा माझा नव्हे. त्या दोन वर्षांत मी आजारी होतो." बाकीच्यांबद्दल काही बोलले नाहीत. तो तुकडा त्यांनी खिशात टाकला.

शिडीवर एक विशीतला मुलगा होता, गदगकडचा. मालकानं हौसेनं चुनाच लावायचा म्हणून सांगितलंय, पण भिंत धरत नाही, काल लावलेलं आज हाताला येतंय, असं तो हिंदीत सांगत होता. बाबांनी बादलीत बोट बुडवून चुना अंगठ्यावर चोळला, हुंगला, मान हलवली. चुना ठीक होता. मग त्यांनी भिंतीला हात लावला. कोरडी ठणठणीत, ऊन खाल्लेली.

"पानी कहाँ है?" त्यांनी विचारलं.

मुलानं नळी ओढून आणली. वरून खाली पाणी सोडलं. भिंत वाफाळली नाही, पण तसा आवाज आला, बारीक, तापल्या तव्यावर शिंतोडा पडावा तसा. मुलगा लगेच कुंचा बुडवायला वळला तर बाबांनी त्याच्या मनगटाला धरलं. त्यांचा हात थरथरत होता आणि त्यामुळे त्याचंही मनगट थरथरत होतं.

"अब रुको," ते म्हणाले. "इसको पीने दो."

आम्ही तिघं गल्लीत उभे राहून भिंतीची चकाकी जायची वाट पाहत राहिलो.